पथ्याच्या कागदाची मागची बाजू

समजा, तुम्ही एका छोट्या खोलीत बसला आहात आणि तुमच्यासमोर एक माणूस आहे. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला, कारण त्यात कॅन्सरची गाठ होती. आत शिवलेली जागा भरून यावी, तिच्यावरून काही जाऊ नये, म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलंय आणि त्यावर पिशवी चिकटवली आहे. आज त्याला घरी सोडायचंय. घर सव्वाशे किलोमीटरवर. तिथं डॉक्टर नाही, नर्स नाही, एक चूल आहे. तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात त्याला सांगा, आजपासून काय खायचं, किती, कितीदा. काय खाल्लं तर पिशवीचं तोंड तुंबेल. काय नाही खाल्लं तर अंगातली ताकद ओसरत जाईल आणि ते कळणारही नाही. तो मान हलवतो. त्याची बायको मान हलवते. आता तुम्ही सांगा, त्यांना कळलं का?

जोहरा कमरोद्दीन हे काम अकरा वर्षं करत होती. शहरातल्या एका दवाखान्यात कॅन्सरच्या ऑपरेशनचा वॉर्ड आहे, तिथं ती आहारतज्ज्ञ. वडील कमरोद्दीन बावर्ची. लग्नाकार्यात नान खलिया रांधायला त्यांना शहरभर बोलावत. घरात पदवी घेतलेली जोहरा पहिली. वडिलांचा सगळा हिशेब हाताच्या अंदाजाचा, हिचा वाटी-चमच्याचा. तिच्या टेबलावर स्टीलची एक वाटी, दोन चमचे आणि रबराचं एक आतडं असे. ते आतडं पेशंटच्या हातात देऊन ती म्हणायची, धरा, घाबरू नका, तुमच्या पोटात हेच आहे, फक्त आता थोडं आखूड झालंय.

या कामातली तिची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे पथ्याचा कागद. आधी दवाखान्यात इंग्रजीतून छापलेलं चार पानांचं एक पुस्तक देत. लोक ते तपासणीच्या फाइलमध्ये ठेवत आणि विसरून जात. जोहरानं दोन महिने बसून एकच कागद केला. मराठीत, मोठ्या अक्षरात, पुढूनमागून छापलेला. पुढच्या बाजूला ‘घरी गेल्यावर’ असं शीर्षक आणि त्याखाली यादी: ज्वारी-बाजरीची भाकरी बंद, कडधान्य बंद, पालेभाजी बंद, शेंगदाणे बंद, मका बंद, फळांची सालं आणि बिया बंद. चालणारं काय, तर मऊ भात, पेज, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, दही, मीठ-साखरेचं पाणी. मागच्या बाजूला पहिलीच ओळ होती: ‘पुढच्या बाजूचं पथ्य फक्त पहिले पंधरा दिवस.’ मग रोजचं जेवण हळूहळू परत कसं आणायचं ते. तूप कधी, पनीर कधी, अंडं कधी, दुधात कुस्करलेली भाकरी कधी. पुढच्या बाजूला खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा बाण काढलेला होता. कागद वाचवल्याबद्दल वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं होतं.

बद्रीनाथ आणि वच्छलाबाई तिच्यासमोर बसले ते जूनच्या शेवटी.

बद्रीनाथ सोयगावचे. साठीला टेकलेले, उंच, कानांच्या पाळ्या लांब. चार एकर कपाशी होती, ती आता पुतण्या रामकिसन बघायचा. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. गावात बद्रीनाथांची ओळख शेतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी होती. देवळात पोथी लागली की वाचायला तेच बसत. आवाज खणखणीत, आणि एक अक्षर इकडचं तिकडं होत नसे. एकदा वाचताना एक ओळ सुटली तर त्यांनी अख्खा अध्याय पहिल्यापासून वाचला होता, आणि लोक उपाशी बसून राहिले होते. वच्छलाबाईंना वाचता येत नव्हतं. पण पोथीतलं ऐकून ऐकून त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

देवळात जाणं आता बंद झालं होतं. पोटावर पिशवी घेऊन पोथीपुढं बसायचं नाही, असं बद्रीनाथांनी ठरवूनच टाकलं होतं. कुणी काही म्हटलं नव्हतं. सर्जननं सांगितलं होतं की गाठ वेळेत सापडली, पुढं औषधं चढवायची गरज नाही; तीन-चार महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं आत घेऊ, पिशवी निघेल. तेवढ्या एका वाक्यावर हा माणूस जगत होता.

त्या दिवशी जोहरानं वीस मिनिटं सगळं समजावलं. पुढं तिनं कित्येकदा ती वीस मिनिटं आठवून पाहिली. मधेच रामकिसन सुट्टीच्या कागदांवर सही करायला उठून गेला. मग पिशवी गळायला लागली म्हणून बद्रीनाथांना नर्स घेऊन गेली. खोलीत वच्छलाबाई एकट्याच उरल्या, हात जोडून बसलेल्या. त्या वेळी आपण कागदाच्या पुढच्या बाजूवर होतो की मागच्या, ते मात्र तिला नेमकं आठवत नव्हतं.

दर पंधरा दिवसांनी ती पेशंटना फोन करायची. बद्रीनाथांचा फोन रामकिसन उचलायचा आणि काकांकडे द्यायचा. जोहरा विचारायची, कागदाप्रमाणे चाललंय ना? पलीकडून तोच खणखणीत आवाज यायचा, कागदाप्रमाणे. ती वहीत बरोबरची खूण करायची.

ऑगस्टमध्ये ते तपासणीला आले तेव्हा वजन तीन किलो उतरलेलं होतं. सुरुवातीला उतरतं, त्यात नवल नव्हतं. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी जोहरा नव्या पेशंटच्या नातेवाइकांचा वर्ग घ्यायची. दालनात तीस-पस्तीस माणसं बसलेली. कुणाची आई ऐकत नव्हती, कुणाच्या बापानं चोरून शेंगाची चटणी खाल्ली होती आणि पिशवी तुंबून रात्रीच्या रात्री त्याला आणावं लागलं होतं. जोहरानं वच्छलाबाईंना पुढं बोलावलं आणि विचारलं, मावशी, पथ्य कसं पाळता, जरा सांगा सगळ्यांना.

वच्छलाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. “ताई, कागदाच्या बाहीर एक घास नाय. ह्ये रोज जेवायच्या आधी कागद वाचून दाखवत्यात, मगच मी वाढते.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोहरा म्हणाली, यांच्यासारखं पाळा. वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मागून कुणीतरी म्हणालं, मावशी, आता तुमचाच फोटो लावतील इथं.

ऑक्टोबरमध्ये आणखी तीन किलो. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरायची होती, ती पुढं ढकलली. सर्जनच्या कपाळावर आठी आली. नोव्हेंबरच्या शेवटी बद्रीनाथ काट्यावर उभे राहिले आणि काटा चव्वेचाळीसवर थांबला. पहिल्या दिवशी तो अठ्ठावन्न होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती कडं घातल्यासारखी लोंबत होती. गालाची हाडं वर आली होती आणि आवाज, तो आवाजसुद्धा बारीक झाला होता.

वजन असं ओघळायला लागलं की कॅन्सरच्या दवाखान्यात सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो आणि तो कुणी उच्चारत नाही. परत स्कॅन झालं, रक्त तपासलं, दुर्बीण झाली. तीन दिवस ते दोघं धर्मशाळेत राहिले. चौथ्या दिवशी अहवाल आले. सगळे साफ. रोग कुठंच नव्हता. फक्त रक्तातलं प्रथिन इतकं खाली गेलं होतं की सर्जननं अहवाल दोनदा वाचला.

साफ अहवालानं जोहरा जास्त घाबरली. रोग सापडला असता तर निदान त्याचं नाव तरी कळलं असतं. हा माणूस कशानं झिजतोय?

सर्जननं तिला बोलावून स्पष्ट सांगितलं. जानेवारीअखेर वजन अठ्ठेचाळीसवर आलं आणि प्रथिन वाढलं तरच पोट उघडीन. अशा अंगावर टाका धरणार नाही. आणि हे असंच चालू राहिलं, तर ऑपरेशनचा प्रश्नच येणार नाही. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. “पथ्य नीट सांगितलं होतंस ना?” एवढंच विचारलं.

ती म्हणाली, सर, हे आमचे सगळ्यात चांगले पेशंट आहेत.

खोलीतून बाहेर येताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. बाकावर वच्छलाबाई फाइल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी केस सारखे करायला हात वर केला आणि हिरव्या बांगड्या सरसर घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. जूनमध्ये त्या बांगड्या मनगटाला घट्ट बसत होत्या. जोहरा तिथंच थांबली. आजारी तर एकच माणूस होता.

त्या संध्याकाळी ती घरी वडिलांसोबत जेवायला बसली. कमरोद्दीनना आता मोठ्या देगा उचलवत नव्हत्या, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकाची चौकशी करायची सवय गेली नव्हती. तिनं सगळं सांगितलं: कागद, फोन, वजन, बांगड्या. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटली आणि विचारलं, “उनके घर का चूल्हा देखी क्या तू?”

ती म्हणाली, अब्बा, सव्वाशे किलोमीटर आहे.

ते म्हणाले, मी तर दाल टाकायच्या आधी यजमानाची विहीर बघून यायचो. पाणी खारं असलं तर माझी काय चूक? पण शिव्या मलाच पडणार. मग पानदान पुढं ओढलं. विषय त्यांच्यापुरता संपला होता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जोहरानं सोयगावची एसटी पकडली. छत्रपती संभाजीनगर – सोयगाव अशी पाटी, मागच्या काचेला तडा. सिल्लोड गेलं, अजिंठा गेलं, घाट उतरून गाडी फर्दापूरला थांबली. लेणी बघायला आलेली शाळेची पोरं कलकलत उतरली आणि बस एकदम रिकामी झाली. पुढं दोन्ही बाजूंना कपाशी, वेचून झालेली, काळी पडलेली बोंडं तेवढी शिल्लक. जोहराच्या पिशवीत वाटी होती, दोन चमचे होते, हातात धरायचा वजनकाटा होता. काय सापडेल याचा अंदाज ती बांधत होती. चोरून तंबाखू? कुणा वैदूची जडीबुटी? की म्हातारा खातच नाही, पिशवी भरू नये म्हणून उपाशी राहतो? असे पेशंट तिनं पाहिले होते.

रामकिसन स्टँडवर घ्यायला आला होता. वाटेत तो सांगत होता की काकांच्या गल्लीत आता कुणी मोठ्यानं बोलत नाही. शेजारणी दुपारी ठेचा करत नाहीत, वास जातो म्हणून; त्यांना खाता येत नाही तर आपण कशाला तळतळाट घ्यायचा. तो हेही म्हणाला, “मॅडम, तुमचा कागद लई गुणाचा. लोक मागून नेत्यात.” जोहरानं हसून मान डोलावली. तिचं लक्ष घराकडे होतं.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, लख्ख. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. भांडी ओळीनं मांडलेली. चूल पुसलेली, बाजूला गॅसची शेगडी. मग लक्षात आलं. या स्वयंपाकघराला वासच नव्हता. मोहरीचा नाही, लसणाचा नाही, तेलाचा नाही. ज्या घरात पाच-साडेपाच महिने फोडणी पडलेली नाही, त्या घरात ती उभी होती.

तिनं पत्र्याच्या कोठीचं झाकण उचललं. ज्वारी तळाशी होती, तिच्यात सोंडे झाले होते. तेलाच्या बरणीवर धूळ होती.

आणि कोठीच्या वर, भिंतीवर, तिचा कागद होता.

गव्हाच्या पिठाची खळ लावून तो असा सपाट चिकटवला होता की भिंतीतूनच उगवला असावा. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. खाली उदबत्तीचं घर, राखेनं भरलेलं. घरी आल्या दिवशीच रामकिसननं तो चिकटवला होता, हरवू नये म्हणून. जोहरानं उजवा कोपरा पाहिला. बाणावर कुंकवाचं एक जाड बोट होतं, थरावर थर चढून वाळलेलं.

तिनं बद्रीनाथांना विचारलं, काका, रोज वाचता तसं मला वाचून दाखवाल?

ते भिंतीला धरून उठले, कागदासमोर बसले आणि वाचायला लागले. बारीक झालेल्या आवाजालाही तो जुना ठेका होता. भाकरी बंद. कडधान्य बंद. पालेभाजी बंद. एकही अक्षर सुटलं नाही. दही, मीठ-साखरेचं पाणी, इथपर्यंत आले आणि त्यांनी हात जोडले. वच्छलाबाईंनीही जोडले. मग त्यांनी जेवण वाढलं. एका ताटलीत पेज, डाळीचं पाणी, दोन चमचे दही. दुसऱ्या ताटलीत तेवढंच.

“मावशी, ही दुसरी कुणाची?”

“माझी.” त्यांना प्रश्नच नवा वाटला. “त्यांच्या ताटात जे नाय ते माझ्या ताटात कसं घेऊ, ताई?”

  जोहरानं रामकिसनला पाणी आणि फडकं मागितलं. कागद भिजवत, नखानं सोडवत, ती तो कडेनं उचलायला लागली. वच्छलाबाई घाबरून म्हणाल्या, ताई, फाटंल की. तो फाटलाच. अर्धा हातात आला, अर्धा भिंतीवर राहिला. हातातल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला खळीत चिकटलेली अक्षरं होती, पुसट झालेली, पण वाचता येत होती. तिनं तो तुकडा बद्रीनाथांसमोर धरला.

त्यांनी वाचलं. ‘पुढच्या बाजूचं पथ्य फक्त पहिले पंधरा.’ पुढचा शब्द भिंतीवर होता.

 रागावतील, रडतील, काहीतरी होईल म्हणून जोहरा वाट बघत होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, “म्हंजे अध्याय अर्धाच वाचला व्हय आमी.”

मग तिनं आपली बाजू सांगितली, म्हणजे काहीच लपवलं नाही. म्हणाली, काका, चूक माझी आहे. पंधरा दिवस हा शब्द मी पुढं, सगळ्यात वर लिहायला हवा होता. फोनवर मी विचारलं कागदाप्रमाणे का, आणि तुम्ही खरं सांगितलं. काय खाल्लं ते मी एकदाही विचारलं नाही. वच्छलाबाई तिचीच समजूत घालायला लागल्या, तिला पाणी दिलं. ते जोहराला सगळ्यात जड गेलं.

आता घाई करून चालणार नव्हती. इतके महिने उपाशी राहिलेल्या अंगावर एकदम भरलं ताट आदळलं तर रक्तातले क्षार बिघडतात, हृदयावर येतं. उपासातून वाचलेला माणूस जेवणानं दगावू शकतो. तिनं सर्जनला फोन लावला, रक्ताच्या तपासण्या ठरवल्या, आणि त्या दिवशी पेजेत फक्त चमचाभर तूप आणि दुधाची भुकटी घालायला लावली. तीन दिवसांनी डाळ, न गाळता, मऊ शिजवून. मग पनीर. मग दुधात कुस्करलेली भाकरी, बत्तीस वेळा चावून, लिंबाएवढी. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि पिशवीकडे लक्ष. दिवसातून सहा वेळा. वच्छलाबाईंना तिनं वेगळं बजावलं की तुमचं ताट वेगळं, आणि त्यात सगळं. त्यांनी मान हलवली. या वेळी जोहरानं त्या मान हलवण्यावर विश्वास ठेवला नाही. ती रोज फोन करायची आणि विचारायची, मावशी, आज सकाळी ताटात काय काय होतं, किती होतं, उरलं किती? संध्याकाळी रामकिसन दोन्ही ताटांचा फोटो पाठवायचा.

डिसेंबरच्या मध्यात भाकरी एकदा अडकली. रात्रभर पिशवी कोरडी, पोट ताठ. बद्रीनाथ म्हणाले, आता बास, परत पेजेवर जाऊ. पहाटे कोमट पाणी पिऊन, पोट हलकेच चोळून वाट मोकळी झाली, आणि वच्छलाबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याचं ऐकलं नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काटा सत्तेचाळीस दाखवत होता. शेवटच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस आणि वर थोडं. फेब्रुवारीत आतडं आत गेलं, पिशवी निघाली. पंधरा दिवस जोहराला रात्री फोन वाजला की धस्स व्हायचं, पण टाका धरला. गुढीपाडव्याला देवळात पोथी लागली तेव्हा वाचायला बद्रीनाथ बसले. रामकिसननं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, पण ओळ सुटत नव्हती.

जोहरानं नवा कागद केला. एकाच बाजूला छापलेला. सगळ्यात वर, बोटाएवढ्या अक्षरात: पंधरा दिवस.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये, पहिल्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं, तेव्हा बाह्यरुग्ण विभागातून एक म्हातारी तिच्याकडे पाठवली. दगडाबाई, फर्दापूरजवळच्या खेड्यातली, विधवा. सून सोबत होती. वजन चौतीस. सर्जननं नुकतंच तपासलं होतं. गाठ मोठी होती, यकृतापर्यंत गेलेली, आता कापण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. थोडी ताकद येईल असं काही खायला सांग, एवढंच त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं.

जोहरानं विचारलं, आजी, कधीपासून त्रास?

सुनेनं सांगितलं, शौचाला रक्त पडायला लागलं त्याला वर्ष झालं. मग लवकर का नाही आलात, असं विचारल्यावर सुनेनं सासूकडे पाहिलं. दगडाबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली, त्यातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला.

“पथ्य चालू व्हतं की माय. तुमच्याच दवाखान्याचं हाय. दहा महिने झाले, मोडलं नाय.”

झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. अक्षरं राखेसारखी झालेली. पण शीर्षक वाचता येत होतं: घरी गेल्यावर. जोहरानं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. परत सुलटा केला. कोपऱ्यातला बाण छपाईतून कधीच पुसला गेला होता.

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. शाबासकीची वाट बघावी, तशी.

त्या दुपारी जोहरानं वच्छलाबाईंना फोन करून विचारलं, कागद कुणाकुणाला दिला होता? त्या आनंदानं सांगायला लागल्या. गेल्या जूनमध्ये घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून नवस बोलल्या होत्या, धनी हिंडूफिरू लागले तर कागद वाटीन. व्रताचं उद्यापन झालं की बायका पोथ्या वाटतात ना, तसा. आपल्या माणसाला ज्या कागदानं वाचवलं, तो कागद दुसऱ्याच्याही घरी जावा, यात वाईट काय? भिंतीवर चिकटवायच्या आधीच रामकिसननं एक झेरॉक्स काढून ठेवली होती, पुढच्या बाजूची. गेल्या श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी हळदीकुंकू केलं आणि सवाष्णींची ओटी भरून प्रत्येकीला एकेक दिला. एकशे एक. कुणाच्या घरी पोटाचं दुखणं असलं तर लावा म्हणून सांगितलं. दूरदूरच्या बायका आल्या होत्या. दगडाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, विधवेला कोण बोलावतं. त्यांच्या सुनेच्या बहिणीला मिळाला होता, तिच्याकडून पुढं. मग बोलता बोलता वच्छलाबाई थांबल्या.  वाटलेला कागदही अर्धाच होता, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

त्या दिवसापासून वच्छलाबाई गावोगाव फिरून कागद परत मागतात. दिलेलं वाण परत मागायचं, लोक तोंडावर बोलतात, पण त्या जातात. रामकिसन मोटारसायकलवर नेतो. बद्रीनाथ पोथी झाली की देवळात उभे राहून सांगतात की तो कागद अर्धा होता, आणि रक्त पडत असेल तर कागद नको, दवाखाना. जोहराच्या टेबलाच्या खणात आता अडतीस कागद आहेत. काहींना कुंकू लागलेलं आहे, काहींच्या मागं भिंतीचा चुना आहे. दगडाबाईंचा सगळ्यात वर आहे. त्या दसऱ्याआधीच गेल्या.

खण उघडला की ती मोजते. एकशे एकातून अडतीस वजा करते. मग आठवतं की झेरॉक्सच्याही झेरॉक्स निघाल्या आहेत, आणि ही वजाबाकी मुळातच खोटी आहे. समोर नवा पेशंट येऊन बसतो, मान हलवतो, ती वाटी पुढं करते, आणि बोलता बोलता तिची नजर खिडकीबाहेर उत्तरेकडे, सोयगावच्या रस्त्याच्या दिशेला जाते. या घडीला कुठल्या घरात, कुठल्या भिंतीसमोर बसून, रक्त पडत असताना कोण तो कागद मनापासून पाळतंय?